सगळी पॅकेजेस बसली

पडद्यावरची ओळ हलत नव्हती. तिच्या टोकाला एक बारीक काडी तेवढी गोल गोल फिरत होती. रविराजनं लॅपटॉप उचलून नेटच्या डबीजवळ ठेवला. काडी तशीच फिरत राहिली.

"अजून तेच?" मालुआत्तीनं दारातून विचारलं.

"तेच."

तो आदल्या दिवशी नंदगडहून बेळगावला आत्तीकडे आला होता. गावात नेट टिकत नव्हतं, आणि पुण्याच्या एका कंपनीची परीक्षा लॅपटॉपवर द्यायची होती. काम सोपं वाटत होतं. कंपनीनं पाठवलेला, पायथन या संगणकाच्या भाषेतला प्रोजेक्ट चालू करायचा, त्यातून भाज्यांच्या सरासरी दरांचा तक्ता काढायचा आणि बाराच्या आत पडद्याचा फोटो पाठवायचा. प्रोजेक्टला लागणाऱ्या पॅकेजेसची यादी सोबत होती. खाली श्रिया नावाच्या बाईंचा नंबर होता. काही अडलं तर केव्हाही फोन करा, असं लिहिलं होतं.

"पॅकेज म्हंजे काय रं?"

"दुसऱ्यांनी लिहून ठेवलेलं तयार काम. एकाला दुसऱ्याची ठरावीक आवृत्तीच लागती. सगळ्यांना चालंल असा मेळ पडद्यावरचं हे टूल शोधतंय. सकाळपासनं शोधतंय."

आत्ती त्याच्या शेजारी खुर्ची ओढून बसली. "आमचा जुना रेडिओ असाच होता बघ. बटण फिरवलं की आधी नुसता तापायचा. तुझा आज्जा म्हणायचा, गप बसा, तापू दे. आम्ही पोरं कान लावून बसायचो. आवाज येईस्तवर निम्म्या बातम्या संपलेल्या!" ती हसली. "पण तवा कुणाला लाज वाटत न्हवती. समद्यांचाच तसला."

रविराज हसला नाही. कॉलेजात त्याच्या लॅपटॉपला पोरं बैलगाडी म्हणायची. एकदा सगळ्या वर्गाचं काम उरकलं आणि त्याची काडी फिरतच राहिली, तेव्हा सरांनीच सगळ्यांना त्याच्याभोवती बोलावलं होतं. "या, या. नंदगड एक्स्प्रेस अजून फलाटावरच आहे." त्या हसण्याची आठवण झाली की अजून त्याची मान खाली जायची.

"त्या बाईंना फोन लाव की," आत्ती म्हणाली. "सांग, हळू चालतंय."

"काय सांगू? माझा लॅपटॉप भंगार हाय म्हणून? बाकीच्यांचं कवाच झालं असंल."

"विचारल्यानं काय जातंय?"

"नोकरी जाती, आत्ती."

तेवढ्यात आत्तीचा फोन वाजला. त्याचे वडील, परशराम. त्यांना फोनवर हळू बोलता येत नाही. पलीकडचं सगळं खोलीभर ऐकू आलं.

"पोरगं लागलं का गं? मी मारुतीला पेढे ठेवून आलोय. लागलंच म्हणून सांगितलंय समद्यांना!"

"निकालाआधी पेढे!" आत्तीनं फोन ठेवला. "हा भाऊ माझा जन्मात सुधारायचा न्हाय." आणि ती भाजी बघायला आत गेली.

आधीच्या दोन नोकऱ्या हुकल्या तेव्हा निदान गावाला कळलं नव्हतं. रविराजनं टूल बंद करून पुन्हा चालू केलं. पुन्हा तीच ओळ, तीच काडी. त्यानं ते बंद केलं.

भाज्यांचे दर एका साध्या फाईलमध्ये होते. सरासऱ्या त्यानं स्वतः काढल्या, दोनदा तपासल्या. मग चार ओळींचा प्रोग्राम लिहिला. त्याला पॅकेजेस लागत नव्हती, कारण तो काहीच करत नव्हता, नुसता तयार तक्ता छापत होता. तक्त्याच्या वर, काम पुरं झाल्यावर टूल जी शेवटची ओळ दाखवतं, ती दिसायला हवी होती. ती त्यानं हातानं टाईप केली: 'सगळी पॅकेजेस बसली.'

आकडे तर खरेच आहेत, असं तो मनाशी म्हणाला. कान मात्र तापले होते. त्यानं फोटो काढला आणि पाठवून दिला.

"झालं?" आत्ती बाहेर आली.

"झालं."

"बघ! धीर धरला की हुतंय." तिनं त्याच्या हातावर गुळाचा खडा ठेवला. "मला ठाऊकच होतं. आमच्या घरात कुणी लबाडी केली न्हाय, देव देतोच."

रविराजनं गूळ लॅपटॉपशेजारी ठेवून दिला.

दुपारी कंपनीचा व्हिडिओ कॉल आला. श्रिया तरुण होती आणि हसून बोलत होती. आत्ती दाराआड उभी होती, पदर तोंडाशी धरून.

"तक्ता पाहिला. आकडे अगदी बरोबर आहेत," श्रिया म्हणाली. "पॅकेजेस बसवताना काही त्रास झाला का?"

रविराजनं दाराकडे पाहिलं. आत्तीनं मान हलवून त्याला धीर दिला.

"थोडा वेळ लागला, मॅडम. पण बसली."

"सगळी?"

"सगळी."

"यादीत काही बदल केला होता का? खरं सांगितलंत तरी चालेल."

"न्हाय... नाही, मॅडम. जशी होती तशीच."

श्रियाचं हसू गेलं होतं, पण ती रागावलेली दिसत नव्हती.

"रविराज, त्या यादीतली दोन पॅकेजेस एकत्र बसूच शकत नाहीत. कुठल्याच लॅपटॉपवर. यादी आम्हीच मुद्दाम तशी केली आहे, टूल नुसतं शोधत राहतं." तिनं आवाज आणखी खाली आणला. "हे होत नाही, असं आजवर तिघांनी फोन करून सांगितलं. तिघांनाही आम्ही घेतलं."