चढता आकडा

कुमुदताईंनी निवृत्तीनंतर हौसेनं कोडिंग शिकून, हवेतला विषारी वायू मोजणारा सेन्सर छोट्या सर्किट बोर्डाला जोडला. लॅपटॉपवरचा आकडा शून्याजवळ हवा होता. तो भराभर चढू लागला.

"माझाच कोड चुकला," त्या पुटपुटल्या. ओळ न् ओळ तपासली. चूक नव्हती. बोर्ड खिडकीशी नेल्यावर आकडा उतरला, बाथरूमच्या दाराशी उसळला. आत त्यांचे यजमान गॅस गीझर लावून आंघोळ करत होते.

"अहो, दार उघडा!"

उत्तर आलं नाही. धडका देऊन त्यांनी कडी तोडली. यजमान फरशीवर निपचित पडले होते. कुमुदताईंनी गीझर बंद केला आणि त्यांना ओढत गॅलरीतल्या मोकळ्या हवेत आणलं.

काही मिनिटांनी यजमानांनी डोळे उघडले. "अगं, कपडे तरी आण माझे."

कुमुदताईंनी दोरीवरचा टॉवेल त्यांच्या अंगावर टाकला आणि आकडा उतरलाय का ते आधी पाहायला आत गेल्या.