ढोलकीच्या बदल्यात

"कलावंत हा समाजाचा राजा असतो! लावा राजाचं गाणं!" शाहिरांच्या लेकीच्या खानावळीचं उद्घाटन करताना नगराध्यक्ष गरजले. गाणं सुरू झालं आणि लगेच बंद पडलं. कॅसेट कंपनीच्या तरुण वसुलीवाल्याने स्पीकरची वायर उपटली होती.

"परवाना दाखवा."

"अहो, माझ्या आबांनीच रचलेलं, गायलेलं गाणं आहे हे!" लेक म्हणाली. या गाण्यासाठीच तिने स्पीकर भाड्याने आणला होता.

"असेल ताई. पण हक्क कंपनीचे."

"खरंय," शाहीर म्हणाले. "नव्या ढोलकीच्या बदल्यात मीच सही दिली होती."

"आणि ढोलकी?" नगराध्यक्षांनी विचारलं.

"फुटली."

लेक तोंड फिरवून चुलीकडे गेली. तरुणाने आपला मोबाइल हळूच शाहिरांपुढे धरला. "काका, आईला तुमचं गाणं फार आवडतं. तिच्यासाठी दोन ओळी म्हणता का?"