भुसा ओढायची सोय

रत्नाकर कर्णिकांनी निवृत्तीनंतर गॅरेजात सुतारकाम मांडलं, पण उडणाऱ्या भुशानं त्यांच्या पत्नीला, कुमुदताईंना, खोकल्याची उबळ यायची. त्या तिकडे फिरकेनाशा झाल्या आणि कर्णिकांना एकट्याला करमेना.

मग त्यांनी व्हॅक्युम क्लीनर, झाकणाचं पिंप आणि लांब पाइप जोडून भुसा ओढायची सोय केली. जन्मभर कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवलेलं. कुणाला विचारणं त्यांना कमीपणाचं वाटलं. बायकोला दाराशी उभं करून त्यांनी हवेच्या दाबावर छोटंसं व्याख्यान दिलं आणि बटण दाबलं.

पाइप हवा फेकणाऱ्या तोंडाला लागला होता. करवतीखालचा सगळा भुसा उसळून त्यांच्याच अंगावर आला. डोळे चोळून पाहिलं, तर कुमुदताई दारात नव्हत्या. आता हिला दवाखान्यात न्यावं लागणार, या धास्तीनं ते धावले.

त्या अंगणात पायरीवर बसून पोट धरून हसत होत्या.

"एवढ्या पोरांना नापास केलं मी," कर्णिक भुवयांवरचा भुसा झटकत म्हणाले, "आणि मला पुढचं-मागचं तोंड ओळखता आलं नाही."

"पाइप नीट लावा," त्या डोळे पुसत म्हणाल्या, "आणि माझी खुर्ची आत ठेवा. तुम्हाला एकट्याला सोडून चालायचं नाही."