बामीचं खोकं

नववर्षाच्या सुटीत सगळी मंडळी आजोळी निघाली, तेव्हा ग्यूशिकने आठवणीने घराची हीटिंग बंद केली. चुनचॉनच्या थंडीत रिकामं घर तापवायचं कशाला? परत येऊन पाहिलं, तर पिंजऱ्यातल्या भुशात अंगठ्याएवढा हॅमस्टर बामी गार पडलेला. लेकीने, दाओनने, त्याला बिस्किटांच्या खोक्यात ठेवलं आणि घर तापलं तरी खोकं छातीशी कवटाळून ती रडतच बसली. शेवटी ग्यूशिकने ते काढून घेतलं आणि इमारतीमागे पुरलं.

तिची समजूत काढायला तो दुपारी तसाच दुसरा आणायला दुकानात गेला.

"आधीचा कशाने गेला हो?" दुकानवाल्या बाईंनी विचारलं.

"थंडीने. चूक माझीच."

"मग हातात धरून ऊब देऊन पाहिलीत ना?"

"मेलेल्याला कसली ऊब, बाई?"

"अहो, कडाक्याच्या थंडीत हे असेच निपचित पडतात. श्वासही कळत नाही. ऊब मिळाली की उठतात."

ग्यूशिक धावत सुटला. गोठलेली माती त्याने नखांनी उकरली. खोक्याचा एक कोपरा आतून कुरतडलेला होता आणि बामी तिथेच तोंड लावून पडला होता. अंधार पडेपर्यंत त्याने त्याला कोटाच्या आत धरून ठेवलं. बामी हलला नाही.

दाओन दारातच उभी होती. "बाबा, बामीला त्रास नसेल ना झाला?"


"छे गं, झोपेतच गेला तो," मातीने भरलेली नखं खिशात लपवत ग्यूशिक म्हणाला.