ब्रेकचा दिवा

वायरिंगच्या कामात वहिनीचा हात धरेल असं अख्ख्या बाजारात कुणी नव्हतं, आणि हे ती स्वतःच सगळ्यांना सांगायची. म्हणूनच, मागचा ब्रेकलाइट आपोआप लागणारी ती मोटरसायकल बाकीची गॅरेजं फिरून शेवटी तिच्याच दारात आली.

"वहिनी, वायरिंगच नवं टाका नि मोकळ्या व्हा," धाकटा दीर म्हणाला.

"नवं काय, कुणीही टाकतं, भावजी. मी दोष शोधते."

तिने सीट काढली आणि टेस्ट लॅम्प लावून वायर न् वायर तपासली. कुठे शॉर्ट नव्हता, कुठे गंज नव्हता. ब्रेकचा स्विच तर कोरा करकरीत होता. तरीही भर दुपारी, स्टँडवर उभ्या गाडीचा तो लाल दिवा मध्येच लागायचा आणि विझायचा.

शेवटी तिने स्विचची वायर सोडवली. दिवा लागेनासा झाला. मग वायर पुन्हा जोडून ती मागे दिव्यासमोर जाऊन बसली. थोड्या वेळाने दिवा लागला.

"सापडलं!" वहिनीची मान ताठ झाली. "वायरिंग एकदम चोख आहे, भावजी. पॅडल दाबल्याशिवाय हा दिवा लागूच शकत नाही. लिहून घ्या!"

 दीर भिंतीला पाठ लावून उभा होता आणि गाडीच्या खालच्या बाजूला बघत होता.

वहिनीने वाकून पाहिलं. ब्रेकचं पॅडल पार खाली दाबलेलं होतं. स्प्रिंग ताणलेली होती.

आणि वर, हँडलवर, क्लच हळूहळू आत ओढला जात होता.