पिल्लं निघाली

घड्याळं दुरुस्त करून थकलेल्या सासऱ्यांनी खोक्यात बल्ब लावून अंडी उबवायला ठेवली होती. एक दिवस लेकीकडे जाताना ते म्हणाले, "सूनबाई, लक्ष ठेव हं." तिने इस्त्रीसाठी बल्बचा प्लग काढला आणि ऑफिसच्या घाईत लावायचा विसरली, संध्याकाळपर्यंत अंडी गारठली. सांगायचं काही तिला धाडस झालं नाही.

एकविसाव्या दिवशी सासरे अंघोळीला गेल्यावर तिने विकत आणलेली दोन पिल्लं गुपचूप खोक्यात सोडली. चिवचिव ऐकून ते ओल्या अंगानेच धावले, "निघाली गं पिल्लं!" म्हणत त्यांनी शेजाऱ्यांना हाका मारल्या आणि मग खोक्यात वाकून बघत राहिले. तिला मान वर करवेना.



"सूनबाई," ते हळूच म्हणाले, "लोक यायच्या आत अंडी उचल. एकही फुटलेलं नाही."