लांब-आखूड टाका

देवकाबाईंनी पिशवीतून रिंगमध्ये ताणलेलं कापड काढलं आणि भावनाच्या मांडीवर ठेवलं. मोराचा पिसारा भरून झाला होता. मान अर्धीच होती, आणि सुई तिथेच टोचलेली.

"रविवारी पुण्यानुमोदन हाये हर्षाचं. हे पूरं झालं असतं त तिच्या फोटोखाली अंथरलं असतं," त्या म्हणाल्या.

त्यांची मुलगी हर्षा महिन्यापूर्वी तापानं गेली. एकोणीस वर्षांची होती. सानगडीत भावनाच्या भरतकामाच्या क्लासला दोन वर्षं येत होती. भावनानं त्यांना बसायला सांगितलं, आत्ताच करून देते म्हणाली.

पिसाऱ्यात काश्मिरी टाका होता, पोटाला साटीन. मानेला लांब-आखूड टाका, निळ्यातून जांभळ्यात चढत गेलेला. भावनानं तीच सुई उचलून दहा-बारा टाके घातले. मान मोडल्यासारखी दिसू लागली. तिनं ते उसवले, पुन्हा घातले. पुन्हा तेच. रेशीम एकच होतं, पण हर्षाचे टाके एका अंगाला कलत होते आणि तिचे दुसऱ्या.

कापड पालथं करून पाहिलं, तेव्हा तिच्या लक्षात आलं. हे सगळं डाव्या हातानं भरलेलं होतं.

क्लासच्या पहिल्याच आठवड्यात तिनं हर्षाच्या डाव्या हातातली सुई काढून उजव्यात दिली होती. डाव्या हाताचं भरत उलटं दिसतं, असं बजावलं होतं. उजव्या हातानं तिचे टाके कधी एकसारखे आले नाहीत, आणि भावनानं दर वेळी ते सगळ्या मुलींदेखत उसवायला लावले.

या मोरात एक टाका ढळलेला नव्हता.

भावनानं सुई डाव्या हातात घेतली. बोटाला टोचली. रेशीम गुंतलं, ते सोडवलं. एकेक टाका चाचपडत पडू लागला, ओबडधोबड, पण कल हर्षाचा.

देवकाबाई बराच वेळ त्या हाताकडे बघत होत्या.

"तुमाले मालूम होतं का मंग, मॅडम?"

भावनाला वर बघवेना. ती नाही म्हणाली.

"घरी ते डाव्याच हातानं भरे," देवकाबाई म्हणाल्या. "मॅडमले सांगू नोको म्हणे."